दगडवाल्या काकू

"आधी हात लाव, मग तोंड उघड."

काकूंचं हे वाक्य आमच्या डब्लिनमधल्या निम्म्या मराठी घरांनी ऐकलेलं आहे. डब्लिन म्हणजे आयर्लंडमधलं नव्हे, ओहायोतलं. कोलंबसच्या कडेचं, एकसारख्या घरांचं. कुणाच्याही वास्तुशांतीला गेलं की बाकीच्या बायका देवघर बघायच्या, पुरुष बेसमेंट बघायचे आणि काकू स्वयंपाकघराच्या ओट्यावर तळवा टेकून उभ्या राहायच्या. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. घरमालक कौतुकानं सांगत असायचा, की काकू, हा खास निवडून आणलेला ग्रॅनाइट. काकू म्हणायच्या, "ग्रॅनाइट नाही रे हा. कारखान्यात केलेला आहे. आधी हात लाव, मग तोंड उघड. हात लावला की डोळेही तिथे जातात. बघ, वीतभर अंतरावर परत तोच ठिपका. पण छान आहे हो. पुसायला सोपा."

अशी एक बाई तुमच्याही ओळखीत असेल. बोलावलं तर पंचाईत, न बोलावलं तर समारंभ अळणी.

इथल्या मराठी मंडळात त्यांना मागून 'दगडवाल्या काकू' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं. एकदा कुणीतरी फोनवर त्यांना ओळखेना, तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं, "अहो, मी दगडवाली बोलतेय."

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्याच घरी. आम्ही नवीन घर घेतलं होतं आणि मंडळी जमली होती. ओट्याचा निकाल लावून झाल्यावर काकूंचा हात पलीकडच्या काळ्या खलावर गेला. तो मी गावाहून बॅगेत घालून आणलेला. विमानतळावर त्याचं वजन बघून बायकोच्या चार साड्या बाहेर काढाव्या लागल्या होत्या आणि ते ती अजून विसरलेली नाही.

काकूंनी खल उचलला, आतून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

"बाबांनी."

"काय करतात बाबा?"

आजूबाजूला पुण्यामुंबईची चांगली शिकलेली मंडळी उभी होती. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. हे मी कधी लपवलेलं नाही, उलट कुणी विचारलं नाही तरी सांगतो. मी म्हणालो, "दगड फोडतात. पाटे-वरवंटे, जाती, खल."

"फोडतात नाही," काकू म्हणाल्या. "फोडणारे ते खडीवाले. हे घडवलेलं आहे. बाबांना सांग, ओहायोतल्या एका म्हातारीनं पाया पडून सांगितलंय."

त्या दिवसापासून त्या मला पाथरवट म्हणू लागल्या. "काय पाथरवट, कसं काय?" भर गणपतीत, चारशे माणसांत. मी कंपनीत क्वालिटी इंजिनिअर आहे, गाड्यांचे भाग लेसरनं मोजतो, हे सगळ्यांना माहीत होतं. बायकोला सुरुवातीला ते खटकायचं. मला नाही खटकलं. अमेरिकेत येऊन पंधरा वर्षं झाली होती आणि मला माझ्या बापाच्या नावानं हाक मारणारी ती एकटीच होती.

आता काकूंचे दगड कुठले, ते सांगायला हवं.

त्या इथल्या विद्यापीठात कलेचा इतिहास शिकवायच्या. लोकांना वाटायचं, मराठी बाई म्हणजे अजिंठा-वेरूळ शिकवत असणार. काकूंनी आयुष्य घातलं ते उत्तर इंग्लंडमधल्या थडग्यांच्या दगडांत. हजारेक वर्षांपूर्वी व्हायकिंग लोक समुद्रावरून तिकडे गेले, आधी लुटलं, मग तिथेच शेती करून राहिले. त्यांनी आपल्या मेलेल्या माणसांवर ठेवायला एक वेगळाच दगड घडवला. लांबट, मधे कण्याशी फुगलेला, दोन्ही टोकांना उतरता. इंग्रजीत त्याला हॉगबॅक म्हणतात, म्हणजे डुकराची पाठ. काकूंना ते नाव अजिबात आवडायचं नाही.

"डुक्कर कसलं? घर आहे ते. नीट बघ. ही आढ्याची रेघ. ही छपरावरची कौलं, एकेक कोरलेली. ह्या कुडाच्या भिंती. आणि दोन्ही टोकांना ही अस्वलं."

ती अस्वलं मला पहिल्यांदा फोटोत दिसली तेव्हा हसूच आलं. दोन्ही बाजूंनी दोन अस्वलं घराला मिठी मारून बसलेली, छपराची कड तोंडात धरून. काहींच्या तोंडाला मुसकी बांधलेली. का बांधलेली, कोणास ठाऊक. राखण करतात की खातात, हेही कोणास ठाऊक.

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं होतं.

"मला वाटून काय उपयोग? त्यांनी लिहून ठेवलं नाही. एकाही दगडावर नाव नाही." मग म्हणाल्या, "आणि गंमत सांगू? ते लोक जिथून आले, तिकडे त्यांच्या मुलखात असला दगड नाहीच. इकडे आल्यावर सुचला. दोन-तीन पिढ्या केला आणि सोडून दिला. तोवर नातवंडं इंग्लंडचीच झाली होती. त्यांना कशाला लागतोय?"

त्यांच्या बोलण्यात हे असं यायचं. चहात साखर घालता घालता. आमची मुलं तेव्हा पलीकडच्या खोलीत इंग्रजीत भांडत होती.

काकूंचा संसार म्हणजे काका आणि एक मुलगा. मुलगा टेक्सासात, शुगर लँडला, तेलाच्या कंपनीत. काका रसायनशास्त्राचे, पण निवृत्त झाल्यापासून त्यांचं काम एकच. दर उन्हाळ्यात काकूंबरोबर यॉर्कशायरच्या खेड्यांतली चर्चं हिंडायची आणि छत्री धरायची. इंग्लंडचा पाऊस, काकू दगडाशी ओणव्या झालेल्या, आणि मागे काका. छत्री काकूंवर नाही, दगडावर. "मोजमाप ओलं झालं तर मला रात्री जेवण मिळत नाही," असं ते सांगायचे. एवढा बेताचा बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. काकूंचं वाक्य अर्धं झालं की ते पुढचं मानेनं पुरं करायचे.

ते गेले तेही न बोलता. सकाळी चहा ठेवला, पेपर आणायला म्हणून बाहेर गेले आणि ड्राइव्हवेवर बसले ते बसलेच.

अंत्यविधी इथल्या पद्धतीनं झाला. राख प्लॅस्टिकच्या खोक्यात मिळाली. काकूंनी ती स्टीलच्या डब्यात काढली आणि डबा जेवणाच्या टेबलापाशी, काकांच्या खुर्चीवर ठेवला. आम्ही जेवायला गेलो तर काकू खुर्चीकडे बघून बोलायच्या. आमच्या धाकटीनं विचारलं, "डॅडा, इज समवन इन देअर?" बायकोनं तिला चिमटा काढला. काकू म्हणाल्या, "हो गं. काका आहेत. भाजी आवडली नाही म्हणून गप्प बसलेत."

वर्ष झालं तरी डबा तिथेच. मंडळात कुजबुज सुरू झाली. एका कार्यक्रमात एका बाईंनी धीर करून सांगितलंच, "काकू, रागावू नका हं, पण अस्थी अशा घरात ठेवू नयेत. माणसाला गती मिळत नाही."

"त्यांना कधीच घाई नव्हती," काकू म्हणाल्या.

पण गाडीत बसल्यावर माझ्याशी वेगळं बोलल्या. "सगळे म्हणतात, नाशिकला सोडून ये. नदीत सोडलं की माणूस कुठे गेला ते कळत नाही रे. मला कळायला हवंय. मी चाळीस वर्षं दुसऱ्यांची थडगी पुसली. मला एक आपलं हवंय. छोटंसं. ह्यांच्यावर एक घर. आणि मी गेले की मलाही त्यातच घाला. दोघांना पुरेल एवढं."

दोघांना पुरेल एवढं घर. त्यानंतरची सहा-सात वर्षं काकूंनी दुसरं काही मागितलं नाही.

आधी आम्ही दफनभूमीत गेलो. तिथला माणूस अतिशय नम्र होता. त्यानं सांगितलं, की नवीन भागात फक्त जमिनीसपाट पाटी चालते. उभं किंवा उंच काही नाही.

"का बरं?" काकूंनी विचारलं.

"गवत कापायचं मशीन वरून गेलं पाहिजे, मॅम."

"माझ्या नवऱ्याच्या डोक्यावरून?"

तो बिचारा गोंधळला. जुन्या भागात उंच दगड चालत होते, पण तिथे जागा उरली नव्हती. परत येताना काकू गाडीत बराच वेळ बाहेर बघत होत्या. फेब्रुवारी होता. ओहायोचा फेब्रुवारी तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो, आभाळ आणि रस्ता यांचा रंग एकच असतो. मग त्या म्हणाल्या, "पाथरवट, माझं बॅकयार्ड किती मोठं आहे रे?"

मी तेव्हाच काही बोलायला हवं होतं, असं बायको म्हणते. काय बोलणार होतो? इथे लोक आठ-दहा वर्षांत घर विकतात, हे काकूंना माहीत नव्हतं का? त्यांच्या दोन्ही बाजूंची घरं तीन-तीनदा विकली गेलेली. पण माणूस स्वतःच्या घराबद्दल तसा विचार करत नाही. मीही करत नाही.

दगड उत्तर ओहायोतल्या खाणीतला आणला. वाळूचा, कारण इंग्लंडातलेही बहुतेक वाळूच्याच दगडाचे. आकार मी कॉम्प्युटरवर बसवला, काकूंची मापं आणि फोटो घेऊन, आणि एका कारखान्यात मशीनवर कापून घेतला. मोठ्या ट्रंकेएवढा. फोर्कलिफ्टनं काकूंच्या गराजमध्ये उतरवला तेव्हा मी खूश होतो. एक मिलिमीटर इकडेतिकडे नव्हता.

काकूंनी हात लावला, भोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "साबणाची वडी आहे ही."

"काकू, तुमच्याच मापांचा आहे."

"मापाचा आहे. पण आंधळा आहे. ह्याला कुणाचा हात लागलेला नाही. तू कर."

माझ्या बापानं मला आयुष्यात एकदाच मारलं आहे. मी आठवीत होतो, सुट्टीत त्यांच्या शेजारी बसून टाकी हातात घेतली म्हणून. टाकी म्हणजे आमची छिन्नी. "परत हातात धरलीस तर बोटं मोडीन," असं म्हणाले होते. त्यांची स्वतःची बोटं तोवर वाकडी झाली होती, छातीत दगडाची भुकटी बसली होती. मी शिकलो तो त्या धाकावर. आणि आता इतक्या वर्षांनी, स्वतःचं घर, स्वतःची गाडी असलेला मी, दर शनिवारी एका म्हातारीच्या गराजमध्ये तोंडाला मास्क बांधून कौलं कोरायला लागलो.

कौलं जमली. अस्वलांनी छळलं. पहिल्याच अस्वलाचा कान कोरताना टवका उडाला आणि कान अर्धा गेला. मी टाकी खाली ठेवली. काकू खुर्ची टाकून समोर बसलेल्या, मांडीवर शाल.

"असू दे," त्या म्हणाल्या. "ह्यांनाही डाव्या कानानं कमीच ऐकू यायचं."

त्या आठवड्यात मी गावी फोन केला आणि बाबांना सांगून टाकलं. बराच वेळ नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"अमेरिकेत जाऊन दगूडच फोडाय लागला व्हय?" शेवटी ते म्हणाले.

"एका काकूंसाठी करतोय, बाबा. त्यांच्या मालकांवर ठेवायचाय."

परत श्वास. मग आवाज जरा खाली आला. "कसला दगूड हाय?"

"वाळूचा."

"त्यो दगूड न्हाय, ढेकूळ हाय. टाकी निजवून धर. उभी धरलीस तर टवका उडंल."

"उडाला."

"मंग! कॉलेजात ह्ये शिकवत न्हाईत वाटतं."

दुसऱ्या अस्वलाचे दोन्ही कान शाबूत आहेत.

शरद ऋतूत दगड जागेवर बसवला. बॅकयार्डच्या टोकाला, मेपलच्या झाडाखाली, जिथून पलीकडची पायवाट दिसते. मी खड्डा खणला. काकांचा डबा काकूंनी स्वतः आणला. मला वाटलं, डबाच ठेवायचा. त्या म्हणाल्या, "नको. आयुष्यभर मी ह्यांना डबा दिला. आता डब्यात ठेवत नाही." आणि गुडघ्यावर बसून राख मातीत ओतली, हातानं मिसळली, पीठ मळावं तशी. मंत्र नाही, काही नाही. मशीनवाल्यानं दगड वर टेकवला. काकूंनी बोटानं एक बाजू दाखवली. "हे डावीकडे आहेत. उजवी बाजू माझी. नंतर गोंधळ नको."

पंधरा दिवसांत सोसायटीच्या असोसिएशनची बाई आली. आवारात स्मारक चालत नाही म्हणाली. काकूंनी तिला चहा दिला. "हे स्मारक कुठे आहे? बाक आहे बागेतला."

"बाकावर अस्वलं आहेत."

"तुमच्या दाराशी प्लॅस्टिकची हरणं आहेत. मी काही बोलले का?"

तेव्हापासून तो कागदोपत्री बाक झाला. आणि काकू खरंच त्यावर बसायच्या. डावी बाजू सोडून, उजव्या कडेला, स्वतःच्या जागेवर. थंडीत कोट घालून, उन्हाळ्यात सुपात तांदूळ घेऊन. मी पायवाटेनं चाललेलो दिसलो की हाक मारायच्या, "पाथरवट, ये. चहा आहे. ह्यांनी घेतला नाही, त्यांचा तू घे."

असं पाचेक वर्षं चाललं. मग एका जानेवारीत त्या तिथेच बर्फावर घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मी पोचेपर्यंत त्या दगडाला पाठ टेकून बसल्या होत्या, ओठ निळे. पुन्हा धड चालता आलं नाही. जिना बंद, गाडी बंद. मुलगा टेक्सासातून दर महिन्याला खेपा घालत होता. चांगला मुलगा, उगाच कुणी त्याला नाव ठेवू नये. एकदा स्वयंपाकघरात मला म्हणाला, "दादा, आय कान्ट डू धिस एनी मोअर. माझी नोकरी तिकडे, मुलांची शाळा तिकडे. आई इकडे एकटी पडली तर? घर विकावं लागेल."

"आणि दगड?"

"दॅट्स द प्रॉब्लेम, ना. आई म्हणते, ह्यांना उकरायचं नाही."

उकरण्यासारखं काही नव्हतंच. राख मातीत मिसळलेली. मी त्याला तसं सांगितलं. तो सिंकपाशी उभा राहून नळ नुसताच चालू-बंद करत राहिला. "मग दगड तरी टेक्सासला नेऊ का?"

आम्ही दोघं काकूंकडे गेलो. त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. त्याचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खालचा माणूस इथे आणि वरचं घर टेक्सासला? तेच तर झालं सगळीकडे. कुणी दगड चर्चच्या भिंतीत लावले, कुणी बागेत नेले, कुणी म्युझियममध्ये. मी एवढे दगड पाहिले रे, एकाच्याही खाली त्याचं माणूस सापडलं नाही. मला वाटलं होतं, निदान एक तरी आपण नीट करून ठेवू."

मुलानं त्यांच्या पायांवरची शाल सारखी केली.

निघायच्या दिवशी व्हीलचेअर बॅकयार्डात ढकलत नेली. चिखल होता, चाकं रुतत होती. काकू दगडाशी काही बोलल्या नाहीत, हातही लावला नाही. नुसतं बघितलं. मग मुलाला म्हणाल्या, "मला परत इथे आणून घालशील ना?"

"हो, आई."

"इथेच. उजवीकडे."

"हो म्हटलं ना."

तो खोटं बोलत नव्हता. तेव्हा तरी नव्हता.

शुगर लँडहून त्यांचे फोन यायचे, आधी दर रविवारी, मग कधीतरी. "इथे दगडच नाही रे पाथरवट. खणलं की चिखल, आणखी खणलं की पाणी. ओटासुद्धा प्लॅस्टिकचा आहे. मी कशाला हात लावू?" घर विकलं गेल्याचं त्यांना सांगितलं होतं. तरी दर वेळी विचारायच्या, "मेपलची पानं पडली का? दगडावर साचू देऊ नकोस, डाग पडतात." मी "नाही देत" म्हणायचो. घर दुसऱ्यांचं झालेलं. मी पायवाटेवरूनच बघायचो. पानं साचलेली असायची.

गेल्या पावसाळ्यात, म्हणजे तिकडच्या वादळांच्या दिवसांत, त्यांना न्यूमोनिया झाला आणि आठवड्यात त्या गेल्या. मला कळलं ते उशिरा, मंडळाच्या ग्रुपवर. फोटो, हात जोडलेले, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली एकाखाली एक तेच. मी मुलाला फोन केला. तो भारतात होता. मागे माणसांचा कल्ला ऐकू येत होता.

"दादा, मी तुम्हाला कॉल करणारच होतो," तो म्हणाला. "काल नाशिकला झालं सगळं. मामा, मावशी, सगळे होते. गोदावरीत."

मी म्हणालो, "अरे, त्यांनी सांगितलं होतं..."

"माहितीये." त्याचा आवाज चढला आणि लगेच बसला. "माहितीये, दादा. पण तिथे आता दुसरे लोक राहतात. मी काय करू? कुणाच्या तरी बॅकयार्डात जाऊन सांगू, की एक्स्क्यूज मी, आईला इथे पुरायचंय? मामा म्हणाला, नदी आहे ना आपली. मला सुचलं नाही काही."

मी त्याला समजावत बसलो. खरं तर मलाही सुचलं नसतं. तो रडत होता आणि कुणीतरी त्याला जेवायला बोलवत होतं.

थोडीशी, चिमूटभर तरी ठेवलीस का, हे विचारायला माझ्याच्यानं झालं नाही. ठेवली असती तर त्यानं आपणहून सांगितलं असतं.

त्यानंतर काही महिने मी ती पायवाट टाळली. पलीकडच्या रस्त्यानं फिरायला जायचो.

या मार्चमध्ये एका रविवारी सकाळी पाय आपोआप तिकडे वळले. बर्फ नुकतंच वितळलेलं, मेपल उघडाबोडका. दगडावर एक मुलगी बसली होती, तिशीची असेल, पायजमा आणि जाड जॅकेट, कानाला फोन, हातात कॉफीचा मग. तेलुगूत बोलत होती, बहुधा आईशी, कारण मधूनच भांडत होती. मी थांबलो तशी तिनं फोन ठेवला आणि हसून हात केला. इथे सगळेच करतात.

आम्ही इंग्रजीतच बोललो. मी सांगितलं, की या घरातले आधीचे लोक माझ्या ओळखीचे होते.

"ओह!" ती म्हणाली. "मग तुम्हाला माहीत असेल, हा काय प्रकार आहे? एजंट म्हणाला, बाक आहे. माझा नवरा म्हणतो, काढून टाकू, इथे मुलांसाठी झोपाळा लावायचाय. दोन माणसं बोलावली होती, त्यांना हलला नाही. आता मशीनवाला येणार आहे पुढच्या आठवड्यात."

मुलानं एजंटला काय सांगितलं होतं, मला ठाऊक नाही. माझा काही हक्क नव्हता. घर त्यांचं, जमीन त्यांची. खरं सांगितलं तर ही पोरगी घाबरेल, कदाचित उद्याच मशीन बोलावेल, हेही मला दिसत होतं.

मी म्हणालो, "नका हलवू. त्याच्याखाली कुणीतरी आहे."

ती उभी राहिली. दगडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, नवऱ्याला हाक मारणार. तिनं हातातला कॉफीचा मग गवतावर ठेवला आणि पायातल्या स्लिपर काढून बाजूला सारल्या. जमीन थंडगार ओली होती, बर्फाचं पाणी अजून मुरत होतं. ती तशीच अनवाणी उभी राहिली.

"कोण आहे?"

"इथे राहायचे ते. आजोबा. त्यांच्या बायकोनं हे त्यांच्यासाठी करून घेतलं होतं. दोघांसाठी."

"आणि आजी?"

"त्या भारतात. नदीत."

घरातून कुणीतरी काच वाजवून तिला बोलावत होतं. तिनं तिकडे न बघता हातानंच थांब म्हणून खूण केली.

"म्हणजे हे एकटेच आहेत?"

"हो," मी म्हणालो. "एकटेच."